ऑक्टोबरपर्यंतचा करार

दुसरा सीझन संपवून मी मेलबर्नहून घरी आलो, तेव्हा आमच्या पोर्चच्या कठड्याला माझ्या क्लबचा मफलर गुंडाळलेला होता. सप्टेंबरात, अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या उकाड्यात, लोकरीचा मफलर. बाबांनी तो ऑनलाइन मागवला होता आणि शेजाऱ्यांनी विचारावं म्हणून बाहेर लावला होता. शेजारी विचारायचे, आणि मग बाबा त्यांना ड्राइव्हवेत उभं करून ऑस्ट्रेलियन फुटबॉल समजावून सांगायचे. अंडाकृती चेंडू, अंडाकृती मैदान, एकेका बाजूला अठरा माणसं, दोन्ही टोकांना चार-चार खांब. पंच चेंडू आपटून वर उडवतो तेव्हा त्यावर झेप घेणारा जो सगळ्यात उंच माणूस असतो, त्याला रक म्हणतात, आणि तो माझा मुलगा. ज्या माणसानं नागपुरात गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा कधी बॅट धरली नव्हती, तो हे सगळं हातवारे करून सांगायचा. आई दारात आली, माझ्या खांद्यांकडे पाहून म्हणाली, "मावतोयस का रे दारातून?" आणि लगेच आत वळली, कारण कुकरची शिट्टी झाली होती.

मेलबर्नच्या त्या दोन वर्षांबद्दल मी वेगळं लिहिलं आहे. इथे लिहायचं ते त्या घरी येण्याबद्दल, आणि त्यानंतरच्या शनिवारबद्दल. मराठीत लिहितो आहे याचं कारण सरळ आहे. माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही आणि त्यांच्या आजोबांबद्दलचं त्यांचं मत मला बिघडवायचं नाही. मला स्वतःला मराठी येतं ते आईमुळे. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही नागपूरहून इथे आलो आणि ती दर रविवारी मला टेबलाशी बसवून मराठी लिहायला लावायची. बाहेर सगळी पोरं सायकली फिरवत असायची आणि मी आत 'माझा आवडता सण' लिहीत असायचो. तेव्हा तिचा राग यायचा. आता त्या निबंधांवरच माझी ही लेखनकामाठी चालली आहे.

हा खेळ मला मिळाला तो अपघातानं. शाळेत मी उंच होतो म्हणून बास्केटबॉलच्या टीममध्ये होतो, आणि धांदरट होतो म्हणून बाकावर होतो. एकदा कौंटी पार्कमध्ये काही माणसं बादल्यांत वाळू भरून त्यात प्लास्टिकचे पाइप उभे करत होती. ते गोलचे खांब होते. त्यांचा म्होरक्या कॉलिन, जवळच्याच एका प्रयोगशाळेत गव्हाच्या रोगांवर संशोधन करणारा ऑस्ट्रेलियन. घरची आठवण येणारे त्याचे चार-पाच देशबंधू, एक आयरिश बारटेंडर आणि कुठून तरी गोळा केलेले अमेरिकन, अशी ती टीम. त्यानं माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि चेंडू माझ्या डोक्यावरून उंच मारला. मी तो उडी मारून पकडला. या खेळात असा झेल घेतला की सगळे थांबतात आणि तुम्हाला कुणीही न अडवता किक मारायला मिळते. कुणीही न अडवता! माझ्या तोवरच्या आयुष्यात मला असं काही मिळालेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आमच्या गराजच्या दारावर तो चेंडू मारत सुटलो. तो अंडाकृती असल्यानं परत कुठे येईल याचा भरवसा नसे, आणि दाराचा असा काही धडाड आवाज होई की तळघरात ऑफिसच्या कॉलवर असलेले बाबा म्यूट करून ओरडत. म्यूट करायचं विसरले की त्यांच्या मॅनेजरलाही ते ऐकू जाई.

बाबांना तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटायचा. "हे कॉलेज ॲप्लिकेशनमध्ये काउंट होणार आहे का?" एवढाच त्यांचा प्रश्न असे. होणार नव्हतं. तरी कॉलिनच्या आग्रहानं मी व्हर्जिनियात हर्नडनजवळच्या एका इनडोअर मैदानात निवड चाचणीला गेलो. तिथे ऑस्ट्रेलियाहून आलेल्या माणसांनी माझी उंची मोजली, हातांची लांबी मोजली, मला पळवलं, उड्या मारायला लावल्या, घरात कुणाचे गुडघे दुखतात का ते विचारलं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ही तर मुलगी बघायचीच तऱ्हा झाली, फक्त पोहे तेवढे नव्हते. त्यांना मी पसंत पडलो. दोन वर्षांचा करार, नवख्या खेळाडूचा. बाबांनी तो करार तीनदा वाचला, पगाराचा आकडा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, आमचं ग्रीन कार्ड आलं त्या दिवशी.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते नुसतेच खलनायक वाटतील. मी नववीत असताना त्यांची नोकरी गेली होती. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही, घराखालची जमीन जाते. ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. त्या काळात बाबा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तळघरात जात आणि दार लावून बसत. कुणाचा फोन आला तर मी सांगायचं की बाबा मीटिंगमध्ये आहेत. इथल्या आमच्या मराठी मंडळात कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये. दुसरी नोकरी मिळाली, कमी पगाराची, पण मंडळात बाबा त्यानंतर मागच्या रांगेत बसू लागले. माझा करार झाला आणि ते पुढच्या रांगेत आले. वर्षभरात कार्यकारिणीवर गेले. आमचे अध्यक्ष नेने काका, जे आधी बाबांना 'अहो, ते पार्किंगचं जरा बघाल का' एवढंच म्हणायचे, ते आता त्यांना कार्यक्रमपत्रिका दाखवून मत विचारू लागले. हे सगळं माझ्या पायांवर उभं होतं. आणि माझे पाय तिकडे मेलबर्नात दुसऱ्या फळीच्या टीममध्ये खेळत होते, पहिल्या टीमचा शर्ट एकदाही अंगावर न चढवता. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

फोन आला तो गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे शुक्रवारी सकाळी. सीझन संपला की प्रत्येक खेळाडूशी क्लबची बैठक होते. मी घरी आलो होतो म्हणून माझी व्हिडिओवर होती. मी माझ्या खोलीत पलंगावर बसलो, गुडघ्यांवर लॅपटॉप. खाली आई पुरण वाटत होती, त्या मिक्सरचा आवाज थांबून थांबून वर येत होता. पडद्यावर दोन माणसं होती, दोघंही सभ्य, दोघंही उतरलेल्या चेहऱ्याची. ते म्हणाले की माझी मेहनत त्यांनी पाहिली आहे, पण जे पाच-सहा वर्षांचे असल्यापासून हा चेंडू खेळतात त्यांना तो जमिनीवर आपटल्यावर कुठे वळेल ते आधीच कळतं, आणि मला ते आपटल्यानंतर कळतं. हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते इतकं लागलं. करार पुढे वाढवणार नाही, यादी पुढल्या आठवड्यात जाहीर होईल, तोवर मी हवं त्याला सांगू शकतो. बोलणं संपलं तरी मिक्सर चालूच होता.

मी खाली गेलो आणि दोघांना सांगितलं. आईनं हातातली वाटी ओट्यावर ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पुरणाचा हात, शर्टाला डाग पडला. बाबा टेबलाशी बसून शनिवारच्या कार्यक्रमाची वेळ नेने काकांशी पक्की करत होते. शनिवारी मंडळाच्या गणेशोत्सवात माझा सत्कार होता. शाल, श्रीफळ, आईची ओटी, सगळं ठरलेलं. मी म्हणालो, आता सत्कार रद्द करायला सांगा. त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

"करार कधीपर्यंतचा आहे?"

"ऑक्टोबर एंड. पण बाबा, त्यांनी मला क्लिअरली सांगितलंय की—"

"ऑक्टोबर एंड," बाबा म्हणाले. "म्हणजे शनिवारी तू इन स्टेटस आहेस."

व्हिसाच्या भाषेतलं हे वाक्य फक्त आमच्यासारख्याच घरात बोललं जाऊ शकतं. वर्षानुवर्षं ज्यांनी कागदावरच्या तारखेच्या जिवावर श्वास घेतलेला असतो, त्यांच्या लेखी ती तारीख उलटेपर्यंत माणूस जिथे आहे तिथे आहे. नोकरी गेली असेल, झोप उडाली असेल, पण तारीख उलटलेली नाही ना, मग तुम्ही इन स्टेटस. बाबा माझ्या खेळाकडे व्हिसासारखं बघत होते. त्यांना खरोखर वाटत होतं की ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी मला समजावलं की हॉल बुक झालेला आहे, मुलांसाठी चेंडू मागवलेत, मेलबर्नात काढलेल्या क्लिप्सचा व्हिडिओ नेने काकांच्या मुलानं एडिट केलाय, आणि यादी जाहीर झालीच तर पुढल्या आठवड्यात होईल, शनिवारी नाही. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "अहो, त्याला नको वाटतंय तर—" आणि बाबा म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." आमच्या घरात एवढ्यावर विषय संपत असे.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतःच नेने काकांना सांगायचं ठरवलं. हॉल म्हणजे माझ्या जुन्या हायस्कूलचं ऑडिटोरियम. मी गेलो तेव्हा आरास चालली होती. बाबा शिडीवर चढून झेंडूच्या कागदी माळा बांधत होते, आणि खालून दोन-तीन काका त्यांना डावीकडे, उजवीकडे सांगत होते. बाबा हसत होते. त्यांच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या आणि तोंडात सेलोटेपचा तुकडा होता, आणि तो तसाच धरून ते काही तरी विनोद करत होते आणि सगळे हसत होते. बाबा विनोद करू शकतात हे मला माहीतच नव्हतं. नेने काकांनी मला पाहिलं, खांद्यावर हात टाकला, म्हणाले, "काय चॅम्पियन, जेटलॅग गेला का?" मी म्हटलं, गेला. आणि घरी परत आलो. त्या शिडीमुळे मी तेव्हा गप्प बसलो. मला त्यांच्या सुखात माती कालवायची नव्हती, आणि ती कालवावी लागण्याची पाळी त्यांनीच माझ्यावर आणली याचा मला इतका राग आला की मी गाडीतच बराच वेळ बसून राहिलो.

शनिवारी दुपारी हॉल भरला. ढोल-ताशा झाला, अथर्वशीर्ष झालं, लहान मुलांचा नाच झाला. ती इंग्रजीत भांडत स्टेजवर आली आणि मराठी गाण्यावर नाचून इंग्रजीत भांडत गेली. मग माझा व्हिडिओ. दोन वर्षांत मी घेतलेले सगळे चांगले झेल एकामागून एक जोडलेले, वर ताशाचा कडकडाट. सगळे दुसऱ्या फळीच्या सामन्यांतले, पण ते कुणाला कळणार होतं? टाळ्या पडल्या. नेने काकांनी मला आणि बाबांना शाल पांघरली, मला नारळ दिला. नेने काकूंनी आईची ओटी भरली. आईनं मान वर केली नाही. मी उभ्या उभ्या ठरवत होतो की आभाराची दोन वाक्यं बोलायची आणि खाली उतरायचं. न विचारता कशाला सांगायचं? यादी निघेल तेव्हा निघेल. बाबांच्या त्या ऑक्टोबरपर्यंतच्या तारखेला मी मनातल्या मनात कबूल झालो होतो. ते मी करू शकलो असतो, आणि आमच्या घरात सगळं जसं होतं तसं राहिलं असतं.

पण आमच्या मंडळात सत्कारमूर्तीच्या आधी पालकांचं मनोगत असतं. बाबा माइकपाशी गेले. त्यांनी कागद आणला नव्हता. सुरुवात बरी केली. नागपूर, इथे येणं, गराजचं दार. लोक हसले. मग ते थांबले. हॉलमधली सगळी तोंडं त्यांच्याकडे लागलेली होती आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना तेवढ्यावर थांबवेना. ते म्हणाले, "आणि आज बाप्पासमोर एक गुड न्यूज शेअर करतो. क्लबनं त्याला दोन वर्षांचं एक्स्टेन्शन दिलंय."

टाळ्यांचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आला. समोरच्या रांगेतली माणसं उभी राहिली. आईनं माझा दंड धरला, घट्ट. कशासाठी ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मला आवरायला, किंवा स्वतःला. नेने काकांनी माइक माझ्या उंचीला वर केला.

मी काय विचार केला? काही नाही. रागानं माझ्या कानात आवाज येत होता. मला काढलं हे दुःख माझं होतं, दोन दिवसांचं, अजून नीट रडूनही झालेलं नव्हतं, आणि या माणसानं ते उचलून त्यावर हार घातला होता. मी म्हणालो, "बाबा म्हणाले ते खरं नाही. मला एक्स्टेन्शन नाही मिळालेलं. गुरुवारी क्लबनं मला काढलं. आता मी कुठल्याच टीममध्ये नाही. एवढंच."

मागे एक लहान मूल आईला विचारत होतं, व्हॉट डिड ही से, आणि ती त्याला गप्प करत होती. नेने काकांनी माइक घेतला. तीस वर्षं मंडळ चालवलेला माणूस, तो कशानं अडतो थोडाच. खेळात हारजीत चालायचीच, खरा खेळाडू प्रामाणिक असतो, असं काही तरी म्हणून त्यांनी जेवणाची घोषणा केली. लोक हायसं वाटून उठले. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. जेवताना लोक माझ्याशी फार चांगले वागले. एका काकांनी त्यांच्या कंपनीत इंटर्नशिप असते ते सांगितलं. एका मावशींनी माझ्या ताटात न विचारता दुसरी जिलबी वाढली. बाबांशी कुणीच काही बोललं नाही. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मठ्ठा पीत होते. अंगावरची शाल त्यांनी काढून, घडी करून, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली होती, आणि त्या खुर्चीवर कुणी येऊन बसलं नाही. ते तसं बघून मला बरं वाटलं. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं होतं आणि मी ते बदलून सांगणार नाही.

घरी जाताना बाबाच गाडी चालवत होते. आई पुढे, ओटीचे तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर आवळून. मी मागे, गुडघे छातीशी, त्या गाडीत मला नेहमीच तसं बसावं लागे. रूट वनवर शनिवारची गर्दी होती, प्रत्येक सिग्नल लाल. बाबा ओरडतील याची मी वाट बघत होतो. त्यासाठी माझ्याकडे उत्तरं तयार होती, चांगली, धारदार. एका सिग्नलला गाडी उभी असताना त्यांनी आरशात न बघता विचारलं:

"गुरुवारी त्या लोकांनी तुला काढलं म्हणून सांगितलं. तेव्हा तू काय म्हणालास त्यांना?"

मला आठवायला वेळ लागला नाही. "थँक यू म्हणालो. थँक यू फॉर द ऑपॉर्च्युनिटी."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तरी बाबांनी गाडी हलवली नाही.

"त्यांना थँक यू म्हणालास," ते म्हणाले. "आणि मला भरल्या हॉलसमोर खोटं पाडलंस."

आई म्हणाली, चला, मागे गाड्या थांबल्यात. बाबांनी गाडी पुढे घेतली. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, पण त्यांच्या या बोलण्याला काय म्हणायचं ते मला कधी सुचलं नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत. मला अजून त्याचा संताप येतो, कारण खोटं ते बोलले होते.